नापाचा शर्ट

३ नोव्हेंबर
पुण्याहून प्राजूचं कुरिअर आलं. आत राखाडी लोकरीचे चौदा गोळे आणि एक जुना पुरुषाचा शर्ट. चिठ्ठी: बाबा, या नापाचा स्वेटर विणा. पूर्ण बाह्या, व्ही गळा.
फोन लावला. शर्ट कोणाचा?
"ओळखीचे आहेत एक जण. त्यांना भेट द्यायचीय."
कोण ओळखीचे?
"बाबा, मीटिंग आहे. नंतर बोलते."
आमची पोरगी आमच्याशी मले-तुले करत बोलते. एकदम शुद्ध बोलायला लागली की समजावं, कुठेतरी पाणी मुरतंय. सत्तावीस वर्षांची झाली. मी बाप आहे, बावळट नाही.

४ नोव्हें.
शर्ट पलंगावर पसरून टेप लावला. छाती ४४. बाही आखूड. पोटावरच्या बटणाचं काज ओढलं गेलेलं, म्हणजे पोट सुटलेलं. उजव्या बाहीचा काठ झिजलाय, डाव्या बाहीचा शाबूत. लिहिण्याचं काम करणारा माणूस. मी तीस वर्षं कारकुनी केली, माझ्याही शर्टांचं असंच व्हायचं. खिशाच्या तळाला लाल शाईचा डाग.
हा काही तरुण पोरगा नाही. पन्नाशी केव्हाच ओलांडलेला गडी आहे.
मग तो कोण? हिचा साहेब? आणि साहेबाला बापाच्या हातचा स्वेटर कशासाठी? त्याला बायको नाही का विणायला?
जेवण गेलं नाही.

६ नोव्हें.
विणायला घेतला. न घेऊन सांगतो कोणाला, हात शिवशिवतात. अकरा नंबरच्या सुयांवर खालची पट्टी, मग नऊ नंबर. लोकर चांगली आहे, महागाची. साधी भेट नाही ही.
सौ. म्हणाली, "सुरू झालं का बाई तुमचं?" रिटायर झाल्यापासून विणतोय, तीन वर्षं हीच थट्टा. लहानपणी मोठ्या बहिणीने शिकवलं ते कामी येतंय, येऊ द्या. आमच्या मोताळ्यात अर्ध्या पोरांच्या डोक्यावर माझ्या टोप्या आहेत.

७ नोव्हें.
एक गोष्ट लिहून ठेवतो. दुपारी परत नाप घ्यायला शर्ट शोधला तर तो दोरीवर. सौ.ने धुतला. वाळल्यावर इस्त्रीसुद्धा केली, कडक.
परक्या माणसाचा शर्ट घरात येतो, बाई तो धुते, इस्त्री करते, आणि एका शब्दाने विचारत नाही कोणाचा म्हणून. ही बाई मी भाजी आणली तर कोणत्या दुकानातून, कोण होतं तिथे, काय म्हणालं, सगळं विचारते.
हिला माहीत आहे.

९ नोव्हें.
इस्त्रीमुळे कॉलर नीट दिसली. उलटवून शिवलेली आहे. एक बाजू झिजली की कॉलर उसवायची, पलटवायची, परत लावायची. आता असं कोण करून घेतं? आमचे वडील करायचे. म्हणजे हा साहेब नाही. साहेब नवा शर्ट घेतो. हा आपल्यासारखाच काटकसरी माणूस.
कॉलरच्या आत शिंप्याची पट्टी, अक्षरं पुसट. चष्मा लावून वाचली: दिलखुश टेलर्स, बीबी.
बीबी! लोणार तालुक्यातलं. म्हणजे पुण्याचा नव्हे, आपल्याच जिल्ह्यातला.
मग दिवाळी आठवली. पुण्याची गाडी सकाळी येते. प्राजू उतरली दुपारी चारला. "गाडी उशिरा निघाली," म्हणाली. सुट्टी दोनच दिवस, म्हणाली. मी मुकाट विश्वास ठेवला.

१२ नोव्हें.
पाठ झाली. पुढच्या भागाला सहा टाके जास्त घेतले, पोटासाठी.
सौ.ला सहज म्हणून विचारलं, बीबीला आपलं कोणी आहे का गं? तिच्या हातातलं लाटणं थांबलं.
"काऊन?"
काही नाही, असंच.
"नाही बाप्पा. आपलं कोन राह्यते तिकडे?"
लाटणं थांबलं होतं. मी पाहिलं.

१५ नोव्हें., शनिवार
सौ.ला सांगितलं, हिवरा आश्रमाला जाऊन येतो. "तुमी? आश्रमात?" म्हणाली आणि माझ्याकडे बघतच राहिली. शर्ट पिशवीत घातला. बुलढाणा, चिखली, मेहकर, तिथून बीबी. गाड्या बदलून कंबर गेली.
दिलखुश टेलर्स म्हणजे एक टपरी आणि एक म्हातारे चाचा. शर्ट दाखवला. बसमध्ये सापडला, कोणाचा आहे, असं खोटंच सांगितलं.
"अरे, हा तं आमच्या गुरुजीचा! कॉलर मीच पलटवली." मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत, "पन गुरुजी तं कुठी गेलेच नाहीत. बसमंधी कसा सापडला?"
मी म्हणालो, पोरगा वगैरे नेत असेल.
"हाव, पोरगा पुन्याले हाये. इंजिनेर. लगन जमून राह्यलं म्हनतात त्याचं, तिकडच्याच पोरीसंग. दिवाळीत आली होती पोरगी. लय गुणाची हाये म्हनतात." घर बोटाने दाखवलं. "देऊन टाका, तुमच्या हातानं."
म्हणजे माणूस तो नव्हे, त्याचा मुलगा. क्षणभर हायसं वाटलं. मग दुसरं कळलं. माझी पोरगी दिवाळीत आधी त्या घरी गेली, त्या म्हाताऱ्याला थंडी वाजते हे पाहिलं, आणि मग आमच्याकडे दोन दिवस आली. गाव जिला गुणाची म्हणतं ती माझी पोरगी, आणि मी तिथे चोरासारखा पिशवी घेऊन उभा.
घरासमोरून गेलो. साधं, स्वच्छ घर. ओट्यावर बुद्धाची मूर्ती, गच्चीवर पंचशील झेंडा.
आपल्यातले नव्हेत, हेच पहिलं मनात आलं. झालं ते लिहितो, इथे खोटं कशाला.
ओट्यावर गुरुजी वही तपासत होते, शेजारी दोन पोरी बसलेल्या. रिटायर होऊनही शिकवतात वाटतं. हातात लाल पेन. मला थांबलेलं पाहून उठले. "कोणाकडे आले?"
रस्ता चुकलो, म्हणालो.
"उन्हाचे आले. बसा, पाणी घ्या." आणि आत जाऊन स्वतः तांब्या-पेला घेऊन आले.
मी म्हणालो, नको, गाडीची वेळ झाली.
पाऊण तास होता गाडीला. स्टँडवर जाऊन पाण्याची बाटली विकत घेतली आणि एका दमात अर्धी संपवली.

१६ नोव्हें.
सुया हातात घेतल्या नाहीत.
सौ. शेवटी बोललीच. "आश्रमाचा परसाद आनला नाही तो?" मग खाली बसली. "गेले होते ना तिकडे?"
तुला कधीपासून माहीत?
"वर्स झालं."
वर्ष! एका घरात, ताटाला ताट लावून. मला का नाही सांगितलं?
"तुमीच म्हनले होते. शेजारच्या वैद्याच्या पोरीनं जातीबाहेर लगन केलं तवा. माह्या घरी असं झालं तं उंबऱ्याच्या आत घेनार नाही, म्हनले. प्राजू तवा वाढून राह्यली होती तुमाले."
म्हणालो होतो. थोरला भाऊ समोर बसला होता, त्याच्यापुढे तोंडातून गेलं. भावाची री ओढायची जुनी सवय. पण पोरीने तो शब्द जपून ठेवला असेल असं वाटलं नव्हतं. आणि जपला तेच बरोबर केलं असं काल बीबीत मीच सिद्ध करून आलो. सौ.ला पाण्याचं सांगितलं नाही.

१९ नोव्हें.
बाह्या झाल्या, शिवायच्या बाकी. आज मात्र उजवा खांदा उसवला. शर्टावरून कळत नाही, पण गुरुजी उठले तेव्हा पाहिलं, उजवा खांदा डाव्यापेक्षा चांगला बोटभर खाली आहे. आयुष्यभर हात वर करून फळ्यावर लिहिलं, म्हणजे उलटं व्हायला हवं होतं, पण आहे खरा. दोन्ही खांदे सारखे ठेवले असते तर गळा एका बाजूला ओढला असता.
राग आहे. कोणावर ते ठरत नाही. पण माप चुकीचं ठेवून राग काढण्यातला मी नाही. बारा ओळी परत विणल्या.

२२ नोव्हें.
भावाचा फोन. प्राजूसाठी अकोल्याचं स्थळ आणलंय. पोरगा बँकेत. मी हं हं करत राहिलो.
हे मी का केलं? "नको" म्हणायला दोन अक्षरं लागतात.

२६ नोव्हें.
संध्याकाळी प्राजूचा फोन. पहिलंच वाक्य: "बाबा, तुमी बीबीले गेले होते?"
चाचांनी गुरुजींना सांगितलं की एक गृहस्थ तुमचा शर्ट घेऊन आले होते, बसमध्ये सापडला म्हणे. गुरुजींनी पोराला विचारलं, माझा निळा शर्ट कुठंय? पोराने हिला. माझ्या एका थापेने सगळं फिरून माझ्याच दारात.
गेलो होतो, म्हणालो.
"गुरुजी म्हनत होते, गडबडीत होते ते गृहस्थ. पाणीसुद्धा घेतलं नाही. त्यांनी काही मनावर नाही घेतलं. त्यांना माहीतच नाही तुमी कोन ते. पन मले माहीत हाये."
घाई होती गं.
"मले गाड्यांचा टाइम पाठ हाये, बाबा."
तिच्यासमोर एवढा लहान मी कधी झालो नव्हतो. तिने आरडाओरडा केला असता तर मीही केला असता. ती रडलीसुद्धा नाही. "स्वेटर होईल का?" एवढंच विचारलं आणि ठेवला फोन.

२७ नोव्हें.
भावाला फोन करून अकोल्याचं स्थळ नको म्हणून सांगितलं. कारण विचारलं त्याने. पोरीने पाहिलंय एक, म्हणालो. कोणाचा, कोण, कुठला, अशी सरबत्ती सुरू झाली. ते नंतर सांगतो म्हणून ठेवला. निम्मंच सांगितलं, हे मला कळतं.
सौ. दारात उभी राहून ऐकत होती. तिचा माझ्यावर भरवसा नाही. सारखी बघते, हा माणूस आता काय करील म्हणून. आठ-दहा दिवस मी तिच्याकडे तसं बघत होतो. आता तिची पाळी.

३० नोव्हें.
शिवून झाला. गळ्याची पट्टी बसवली. स्वतःच्या अंगावर घालून पाहिला, पोटात सैल, बाह्या आखूड. माझा नाहीच तो. कोमट पाण्यातून काढून चादरीवर पसरला.
सौ. त्यावरून हात फिरवत म्हणाली, "चांगला झाला." तीन वर्षांत पहिल्यांदा.

२ डिसेंबर
प्राजूचा फोन. "बाबा, झाला असेल तं कुरिअर करा. पुन्याले पाठवा, मी देतो त्यांना."
म्हणालो, पुण्याला नाही पाठवत. मीच नेऊन देतो. बीबीला.
मागे तिच्या ऑफिसातलं कोणीतरी हसत होतं.
मग म्हणाली, "भांडाले जाता का द्याले?"
द्यायला, असं लगेच म्हणायला हवं होतं. बाप होतो, म्हणायला हवं होतं. पण गुरुजी परत तांब्या घेऊन समोर येतील, त्या वेळी माझा हात पुढे होईल की गाडीची वेळ आठवेल, हे मला आत्ता या क्षणाला ठाऊक नाही, आणि तिच्याशी आणखी एक थाप मारायची नव्हती.
गेल्यावर सांगतो, म्हणालो.
"आईले सोबत न्या," ती म्हणाली.
सौ.ने ठेवणीतलं लुगडं बाहेर काढलंय. सकाळी सातची गाडी.