सोनूबाईचे सारखे वाटे

४ जून
मिरजोळ्याच्या दवाखान्यात रुजू झाले! खोलीमागे फणस आहे, आणि माझ्या आठ वर्षांच्या दिशाने आज पहिल्यांदा समुद्र पाहिला. घाटावरच्या नर्स इथे टिकत नाहीत म्हणे. बघूच! काम सोपं आहे. मेंदूज्वराचे चार रुग्ण, चौघंही संगमेश्वरकडच्या एकाच वाडीतले. जंतांवरचं जुनं औषध या तापाच्या विषाणूवर चालतं का, ते डॉ. महेंद्र तपासताहेत. दोघांना खरी गोळी, दोघांना नुसत्या पिठाची. कुणाला कुठली, हे मलाही ठाऊक नाही.

७ जून
आज चोरी पकडली. चौघांतल्या रितेशची आई, सोनूबाई, चारही गोळ्या कुटून गुळात कालवते आणि चौघांना सारखे वाटे भरवते. मी भडकलेच. ती शांतपणे म्हणाली, "बाय, गावदेवाच्या राखणीच्या बकऱ्याचा वाटा घरटी सारका, मग औषदाचाच कमी-जास्त कसा?" कुणाचं पोर पीठ खाऊन मरावं, हे मला तरी कुठे पटत होतं? डॉक्टरांना सांगितलं नाही.

९ जून
चौघांचाही ताप उतरला! डॉक्टरांनी पेढे वाटले. मी माझा पेढा खिशात टाकला. रितेश उठून बसला, आईकडे बघून हसला. जरा जास्तच वेळ हसला.

११ जून
रितेशने आईचा कान दातांनी तोडला. सोडवायला गेले तर माझं मनगट फोडलं. बाकीचे तिघं पलंगावर बसून खिदळत होते. दुपारपर्यंत मलाही ताप चढला. सोनूबाईने रक्ताळल्या हाताने गुळाचा एक वाटा माझ्यापुढे धरला. मी घाबरले होते. खाल्ला.

१२ जून
ताप गेला. डॉक्टरांना सगळं सांगितलं. अपुऱ्या मात्रेने ताप नुसता दबतो, विषाणू मरत नाही, मेंदूत मुरतो, म्हणाले. मग वॉर्डात गेले. रितेशने सलाइनचा स्टँड त्यांच्या डोक्यात घातला. पुन्हा घातला. कवटी फुटेपर्यंत घालत राहिला.
मी दारात उभी होते. मला ते बघायला आवडलं.
शिपायाने वॉर्डाला बाहेरून कुलूप घातलं आणि पोलिसांकडे धावला. सोनूबाई मुलाला सोडून बाहेर आली नाही. थोडा वेळ ती ओरडत होती.

१३ जून, सकाळ
डॉक्टरांच्या कपाटातल्या खऱ्या गोळ्या काढून पूर्ण मात्रा घेतली. उशीर झाला असणार. औषधांच्या खोलीत आतून कडी लावून बसलेय. रात्रभराच्या पावसाने रस्ता बंद आहे. दिशाला फाटकाशी उभं केलंय, पोलीस येईपर्यंत. आई बोलावेल तरी यायचं नाही, असं बजावलं. रडली बिचारी. मला तिचा गळा दिसत होता, फक्त गळा—

दुपार
कुणीतरी तिला हाका मारतंय. लाडाने. दिशू, ये गं—
माझाच आवाज. तोंडात बोळा कोंबला. थुंकला मी तो—
चपला वाजल्या. दारापाशी आली. विचारतेय, आई, बरं वाटतंय का—
लिहीत राहायचं. हात गुंतलेला असला की—
उजवा लिहितोय. डावा कडीवर—
दिशा पळ दिशा प