तिकडची किंमत

३ जुलै २००६
कामगार आरोग्य निधीला अखेर अर्थशास्त्राचा माणूस आठवला. कॅन्सरचं नवं औषध निधीच्या मोफत औषधांच्या यादीत घ्यायचं की नाही, यावर अहवाल मी द्यायचा. पंधरा दिवस मागितले. दहात उरकेन.

२४ जुलै
काम आज सुरू केलं. उशिराला मी जबाबदार नाही, एक्सेल आहे. वासंती म्हणते, अहो, आधी ते इन्स्टॉल तरी करा. बायकोने यात पडू नये.

२ ऑगस्ट
परदेशी ट्रायलचे आकडे आले. औषधाने सरासरी अडीच महिने आयुष्य वाढतं. तिकडच्या किमतीशी ताडून पाहिलं. प्रचंड महाग. निष्कर्ष: यादीत नको. इथे भावनेचं काम नाही.

९ ऑगस्ट
निधीच्या समितीवरच्या कॅन्सरच्या डॉक्टर आम्रपाली भेटल्या. वय पस्तीस, आणि मला शिकवतात! म्हणे, सर, इथली एक कंपनी हेच औषध पाव किमतीत द्यायला तयार आहे, ती किंमत धरा. मी म्हणालो, ट्रायल तिकडची, किंमतही तिकडचीच. पद्धत म्हणजे पद्धत. त्या म्हणाल्या, आणि पेशंट?
इतका संतापलो की स्कूटर थेट स्वारगेटला नेली. घर कोथरूडला.

२१ ऑगस्ट
टायपिस्ट दशरथ एक्केचाळिसाव्या पानावर अडला. विचारतो, सर, अडीच महिने सगळ्यांनाच मिळतात का? वीस मिनिटं सरासरी समजावली. कुणाला महिना, कुणाला दोन वर्षं. मग म्हणाला, आमच्या शालनला, म्हणजे बायकोला, हेच औषध लिहून दिलंय. स्पष्ट सांगितलं, एकट्यादुकट्या उदाहरणावरून धोरण ठरत नाही. पुढचं पान टाइप करू लागला. पटलं असावं.

२२ ऑगस्ट
दशरथ आला नाही. बेजबाबदार! सहज म्हणून इथली किंमत घालून पाहिली. उत्तर उलटं आलं. एक्सेल बिघडलंय. सेव्ह न करता बंद केलं.

११ सप्टेंबर
अहवाल तयार. एकशे चाळीस पानं, हार्डबाउंड. उद्या मीटिंग. आम्रपालीबाईंना तोंड उघडायला जागा ठेवलेली नाही.

१२ सप्टेंबर
बोलायला उभा राहिलो. अध्यक्ष सर्जेराव म्हणाले, बसा सर, चहा घ्या. औषध ऑगस्टमध्येच यादीत घेतलं. पाव किमतीत. दहा मिनिटांत ठरलं.
मी टेबलावर हात आपटला. मग अहवाल कशाला हवा होता?
म्हणाले, ऑडिटला फाइलमध्ये काहीतरी लागतं. जाड असलेलं बरं.
मूर्ख! सगळे मूर्ख! उद्या राजीनामा.

१३ सप्टेंबर
राजीनामा टाइप करायला दशरथ जागेवर नाही, शालनजवळ हॉस्पिटलात आहे म्हणे. झापायला म्हणून थेट तिथे गेलो. शालनला सलाईन लावली होती. डोक्याला स्कार्फ. वय फार तर तीस. दशरथने ओळख करून दिली, आमचे सर. ती उठून बसायला लागली. म्हणाली, औषधाचा रिपोर्ट तुम्हीच लिहिलात ना? तुमच्यामुळे मिळालं. तिने हात जोडले.
दशरथ माझ्याकडे बघत होता. सगळी पानं त्यानेच टाइप केलेली.
मी म्हणालो, त्यात काय एवढं.