चऱ्होलीच्या विहिरीतलं कासव

मंगळवार, २१ एप्रिल

विहीर रिकामी आहे. चऱ्होलीच्या साइटवरचे इंजिनिअर निरंजन यांनी दुपारी फोनवर खात्रीनं सांगितलं – दोन दिवस पंप चालवला, तळाला गुडघाभर चिखल, कासव नाही. शनिवारी मुरमाचे डंपर येणार, विहीर बुजणार. वर सोसायटीचं पार्किंग.

पेपरातल्या मुलांच्या पानासाठी या कासवावरचा लेख शुक्रवारी द्यायचाय. आता काय लिहू?

बुधवार, २२ एप्रिल

चिमाजींकडे गेले. जमीन त्यांचीच होती. तीस वर्षांपूर्वी इंद्रायणीतून तळहाताएवढं कासव आणून त्यांनी विहिरीत सोडलं. "पानी साफ ऱ्हातं म्हनून. समदेच सोडायचे तवा." गोगलगायी, मेलेले बेडूक, किडे – सगळं खातं म्हणे.

पाणी उपसलं तरी दिसलं नाही, म्हटलं.

"दिसंल कसं? पानी आटलं की चिखलात निजतंय ते. त्या सायबाला म्हनावं, बूट काढून उतर." मग स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "जमीन इकली तवा त्याचा इचारच न्हाई केला, ताई. जित्तं गाडलं जाईल."

निरंजनना सांगितलं. "मॅडम, आजोबांना करमत नाही, एवढंच आहे." वाईट माणूस नाही. शनिवारची घाई आहे.

गुरुवार, २३ एप्रिल

वनविभागाच्या वर्षालीला विचारलं. चिमाजींचं बरोबर आहे! या कासवाची पाठ मऊ कातडीची, पोटाखाली दोन झडपा – मागचे पाय आत घेऊन मिटून घ्यायच्या. पाणी आटलं की चिखलात शिरतं आणि महिनोन्महिने काही न खाता पडून राहतं. मुलांना हे आवडेल.

वर्षाली उद्या येते म्हटल्यावर निरंजन चिखल चाचपू द्यायला तयार झाले. डंपर मात्र शनिवारचेच.

शुक्रवार, २४ एप्रिल

गणराज उतरला. वीस वर्षं विहिरी उपसतोय. मी काठी पुढे केली, तर म्हणाला, "काठीनं इजा होती, ताई. पायाला कळतं." अनवाणी, टाच न टेकता, वीत वीत सरकत राहिला. तास गेला. निरंजन घड्याळ बघत होते. मग गणराज थांबला.

"हा दगड नाय. दगड कुठं हलतो?"

ताटलीएवढं कासव, झडपा घट्ट मिटलेल्या. घमेल्यातून वर आणलं. दोर निरंजननीच बूट काढून ओढला, पांढरा शर्ट चिखलानं माखला. "आजोबांना सांगा, बूट काढले," म्हणाले. वर्षालीनं तपासलं – तब्येत ठणठणीत. नदीकाठची बरी जागा बघून सोडणार.

चिमाजी लेकीकडे चाकणला. फोटो पाठवला.

लेख वेळेत दिला. शेवटची ओळ – 'आता विहीर खरोखर रिकामी आहे.'

शनिवार, २५ एप्रिल

सकाळी सातला चिमाजींचा फोन. लेकीनं फोटो मोठा करून दाखवला. "ह्ये माझं न्हाई, ताई. माझ्याच्या पाठीवर डाव्या अंगाला बादली लागल्याची खाच हाय. ह्ये दुसऱ्या कुनीतरी सोडलेलं."

शेवटची ओळ काढायला ऑफिसात कळवलं. निरंजननी डंपर गेटबाहेर थांबवलेत. नऊ वाजता गणराज परत उतरतोय.