उन्हाची वाटणी

४ डिसेंबर
सोलरचा इंजिनिअर मगदूम सांगलीहून आला. आमच्या मसाल्याच्या कारखान्याची गच्ची मोजली. चांगली आहे म्हणाला. मग दक्षिणेकडे बघत राहिला. तिकडे काकांचं घर. स्लॅबवर प्रत्येक कॉलमच्या सळ्या उभ्या, गंजलेल्या, टोकांना पालथ्या बाटल्या.
"हे वर कधी जाणारेत?"
माहीत नाही. मला कळायला लागल्यापासून तशाच आहेत.
"मजला चढला तर हिवाळाभर तुमचे निम्मे पॅनेल सावलीत. सूर्य तिकडूनच जातो. आधी विचारून घ्या, मग सही करा."

५ डिसेंबर
आई विरोधात नाही. बाजूनेही नाही.
"लाईट गेल्यावर ह्याच्यावर डंक चालत्यात का?"
नाही. लाईट गेली की हेही बंद. तशीच रचना असते.
"मग उपेग काय त्येचा?"
बिल कमी येईल. मिरची कांडायचे डंक, कांदा वाळवायचं यंत्र. मसाल्यातून जे सुटतं ते मीटरमध्ये जातं. आणखी एक उन्हाळा असा गेला तर कारखाना बंद करावा लागेल. तिला बोलले नाही. तिला माहीत असावं.

९ डिसेंबर
काकांकडे गेले. बाबा गेल्यावर वाटणी झाली: कारखाना आम्हाला, घर त्यांना. तेव्हापासून आई आणि काका बोलत नाहीत. निरोप माझ्यामार्फत.
ओसरीवर शेंगा फोडत बसले होते. विषय काढला.
"म्हंजी मी मजला चढवायचा न्हाई?"
तसं नाही. चढवणार असाल तर कधी, एवढंच.
"आवंदा चढवायचा. आमचा विकास फौजेतनं पेन्शनला यायलाय मे म्हैन्यात. त्यो काय बायकापोरं घिऊन आमच्या उशाला झोपायचा?"
बरोबर आहे म्हटलं.
"जमीन वाटली, भांडी वाटली. आता उन्हाची बी वाटणी मागाय आलीस व्हय?"
हसत म्हणाले. शेंगा पुढे सरकवल्या. खाल्ल्या.

१० डिसेंबर
मगदूमला सांगितलं, मजला होणार. मग उत्तरेच्या कडेला निम्मे पॅनेल बसवू म्हणाला. निम्म्यात डंकांचं बिल निघेल. कांदा वाळवायच्या यंत्राचं नाही.
आई: "घे निम्मं. निम्म्यावर दिवस काढायची सवय हाय आपल्याला."

१७ डिसेंबर
विकासचा फोन, जम्मूहून. "ताई, आमचे अण्णा सांगत हुते सोलरचं. काय भानगड?"
सांगितली.
"पूरा बसव."
आणि मजला?
"मी येत न्हाई तिकडं. पुण्यात सिक्युरिटीची नोकरी बघितलीया. पोरांची शाळा हाय, हिला गाव नको. फ्लॅट पक्का केलाय. कुणासाठी चढवत्यात मजला?"
काकांना सांगितलंस?
"फोनवर कसं सांगू? शिमग्याला सुट्टी हाय, समोर बसून सांगतो. तू बोलू नको. तुझं काम अडू नये म्हणून तुला सांगितलं."
शब्द दिला. फोन ठेवल्यावर आधी आनंद झाला. बाकीचं मागून.

१८ डिसेंबर
मजला होणार नाही. ऊन सगळं मोकळं. पूर्ण बसवा एवढंच मगदूमला कळवायचं.
आणि पॅनेल चढताना काका खालून विचारतील, मजला होणार हे माहीत असून एवढे कशाला? तेव्हा काय सांगू?
आईलाही सांगता येत नाही. ती काकांशी बोलत नाही, पण त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं माझ्याशी बोलते.

२६ डिसेंबर
मगदूम: मिरचीच्या हंगामाआधी हवं असेल तर लवकर ठरवा. सांगाडा, परवानगी, मीटर, सगळ्याला वेळ जातो. निम्मे की पूर्ण?
विकासला लिहिलं: आत्ताच सांग त्यांना. दोन निळ्या खुणा. उत्तर नाही.

३१ डिसेंबर
काकांच्या विटा आल्या. बोळ अडला. आमचा टेम्पो रस्त्यावरच उभा.
आई, कारखान्याच्या अंगणातून, माझ्याकडे बघून: "बोळ वाटणीत कुणाला गेलाय ते इचार की."
काका, ट्रकपाशी, माझ्याकडे बघून: "येक दीस कळ काढा म्हणावं. पोरगं घरला यायलंय."
आई आत गेली. थोड्या वेळानं मजुरांना चहा पाठवला.
मी एक वाक्य बोलले असते तर विटा ट्रकमधून उतरल्याच नसत्या.

२ जानेवारी
विकासचं उत्तर: ताई प्लीज. शिमग्याला. बस.
काकांनी म्हैस विकली. काकू म्हणाल्या, "दुधाचं काय, इकत घिऊ. पोरं आल्यावर वर झोपायला तर हुईल." विकासच्या मुलांना डास चावतात म्हणून जाळीचं दारही सांगितलंय सुताराला.
त्यांच्यासमोर चहा संपवणं कठीण गेलं.

४ जानेवारी
मगदूमनं आज नक्की सांगा म्हटलं. दुपारपर्यंत सांगते म्हटलं.
अकराच्या सुमारास काका कारखान्यात आले. वाटणीनंतर पहिल्यांदा. डंक बंद करायला लावले नाहीत, मोठ्यानं बोलले.
"गवंडी म्हंतोय उत्तरंला खिडकी ठिवू. तुझ्या अंगाला. चालंल?"
मसाल्याचा खकाणा आत येईल म्हटलं. दिवसभर ठसका लागेल.
"येऊ दे. विकासला काय नवा हाय? ल्हानपणी हितंच पोत्यावर झोपायचा. तुझा बा त्येला उचलून आणून घालायचा आमच्याकडं." जरा थांबले. "आमच्यापायी तुझं सोलर निम्मं झालं. मनात धरू नगंस."
नाही धरलं म्हटलं.
"मग खिडकी?"
तेवढ्यात आतल्या टेबलावर फोन वाजला. मगदूम असणार.
"घे, घे," काका म्हणाले. "मला काय गडबड न्हाई."
आत आले तोवर वाजायचा थांबला. मगदूमला काय सांगायचं, काकांना काय, ठरेना म्हणून हे लिहितेय. काका बाहेर मिरचीच्या पोत्यावर बसलेत.