जानकीबाईंच्या फ्रीजमधली काळी डबी

नेकनूर, शुक्रवार

चि. वीरेशला अक्काचे पोटभर आशीर्वाद. महादेवाच्या कृपेने इकडे सगळे बरे आहेत. तुझी खाणावळ सुधारली का? पित्त होते म्हणाला होतास, तर धने-जिरे भिजत घालून ते पाणी पीत जा, गोळ्यांवर पैसे घालू नकोस. मीही ठणठणीत आहे. फक्त चार दिवस जेवण जात नाही, आणि दारात आपल्या थोरल्या अण्णाची सायकल दिसली की मी मागच्या दाराने बाहेर पडते. काळजी करू नकोस.

दिवाळीत तू ठेवायला दिलेली ती काळी डबी (हार्ड डिस्क म्हणायचे, असे तुझी भाची रुचिका मला रोज शिकवते) मी जिवापाड जपली, हे आधीच लिहून ठेवते. आईच्या इरकलीत गुंडाळून ट्रंकेत, वर डांबराच्या गोळ्या. पण येत्या सोमवारी आईचे वर्षाचे पुण्यस्मरण, आणि अण्णाने पार आष्टीच्या पाहुण्यांनाही सांगून ठेवले आहे की जेवणाआधी आईचा आवाज ऐकवणार. तू तिला पाऊण तास बोलते करून भरून घेतले होतेस, तोच. म्हणून रुचिकाने डबी काढून कॉम्प्युटरला लावली. टक, टक, टक. मला वाटले पाल चुकचुकली, म्हणून मी शिव शिव म्हणत जमिनीवर बोट वाजवले. अकरा वेळा शिव शिव झाल्यावर रुचिका म्हणाली, "आई, पाल नाही, आजी आत अडकलीय." असे बोलतात का रे कुणी?

वायर बदलली, मागच्या भोकात लावून पाहिली, कॉम्प्युटर तीनदा बंद-चालू केला, डबी आडवी ठेवली, उभी ठेवली. नुसता हिरवा दिवा आणि टकटक. तुला फोन केला असता, पण एसटीडी बूथ अण्णाच्याच दुकानात, आणि बोलताना तो समोर बसून मीटर बघतो. शेवटी कपिलधारला जाते असे सांगून बीड गाठले (देवाच्या नावाने खोटे बोलले, म्हणून येताना मांजरसुंब्याला उतरून खरेच जाऊन आले). तुझ्या वर्गातल्या बंकटने तिथे कॉम्प्युटर दुरुस्तीचे दुकान टाकले आहे. त्याने डबी डॉक्टरसारखी कानाला लावली. म्हणाला, "अक्का, आतला काटा अडकलाय. आता लावूबी नका, उघडूबी नका. हाय तशी पुण्याला पाठवा. खर्च लई येतो बगा." खर्च ऐकून मी डबी परत पिशवीत घातली. उठता उठता तोच बोलला की कुणी कुणी बर्फाच्या कप्प्यात ठेवून बघतात, कधी चालते, "पर तुमी नका करू." वीरेश, ते नका करू मला नीट ऐकू आले होते. पण ते फुकट होते रे.

आमच्या गल्लीत फ्रीज एकच, शेजारच्या जानकीबाईंचा. डबीला दोन पिशव्या, वर रबर, असे करून ठेवून आले. दुसऱ्या दिवशी आणायला गेले तर म्हणाल्या, "थांबा ताई, तुमची डबी खाली हाय. वर नातवाच्या जावळाचं मटण ठिवलंय." ज्या आईने जन्मात कधी अंड्याला हात लावला नाही, तिचा आवाज मटणाखाली! मला रडूच फुटले. तर जानकीबाई म्हणतात, "अवो, मटणबी बांधलेलं हाय, तुमची आईबी बांधलेली हाय. कावून रडता?"

घरी आणून डबी शुद्ध केली आणि लावली. आणि चालली! पडद्यावर पिवळी खूण उमटली, खाली नाव 'आई'. रुचिका बोट दाबणार एवढ्यात आतून कोणी कण्हल्यासारखा लांब आवाज आला, आणि हिरवा दिवाही गेला. तेव्हापासून डबी गप्प आहे. इतके दिवस टकटक थांबावी म्हणून देवाला साकडे घालत होते, आता ती परत यावी म्हणून नवस बोलले आहे.

हे पत्र आणि डबी सिदूच्या हाती पाठवते (पुण्याच्या गाडीवर कंडक्टर आहे, माणूस विश्वासाचा). रविवारपर्यंत होईल ते कर. कितीही खर्च येऊ दे. (हे नीट वाचून घे, परत लिहिणार नाही.)

तुझी,
जगदेवी अक्का

ता. क. : शुद्ध केली म्हणजे पाणी नाही शिंपडले, एवढी अक्कल आहे. भस्म लावले, तीन बोटांनी, कपाळाला लावतो तसे. त्यातले चिमूटभर फटीतून आत गेले. उघडल्यावर पांढरे दिसेल. हसू नकोस, आणि पुसण्याआधी नमस्कार कर.

ता. क. दुसरा : तू म्हणशील, मूळ कॅसेट अक्काकडे आहे. अण्णाही तेच धरून चालला आहे. कॅसेट आहे. पण तू आवाज डबीत उतरवला म्हणालास, तेव्हा कोरी कॅसेट विकत कशाला घ्यायची म्हणून मी तिच्यावर कपिलधारच्या यात्रेतली भजने भरून घेतली. हे फक्त मला माहीत होते, आता तुला. तर डबी नाहीच बोलली, तर ती दिवाळीत तुझ्याच हातून पडली होती असे अण्णाला सांग. तू धाकटा, तुला तो काही म्हणत नाही. खरे तर एवढ्यासाठीच हे पत्र.

ता. क. तिसरा : पाकीट चिकटवण्याआधी ती कॅसेट शेवटपर्यंत लावून पाहिली. भजने संपतात, थोडी खरखर होते, आणि मग आई खोकते. म्हणते, "झालं का रे तुझं? बंद कर आता ते, सेल जळत्यात." एवढीच उरली आहे. पुन्हा ऐकणार होते, पण तिने सांगितले म्हणून बंद केले. तेव्हा वरचे, तुझ्यावर ढकलायचे, खोडले असे समज. डबी बोलली नाही तर सोमवारी हेच लावते आणि अण्णाला मीच सांगते. तू फक्त येऊन माझ्या शेजारी उभा राहा. येताना सेल आण, तिकडे स्वस्त मिळतात.