व्याह्यांसाठी शिकलेली सिगार

॥ श्री म्हाळसाकांत प्रसन्न ॥

बडोदे, फाल्गुन शुद्ध पंचमी, शके १८३५

तीर्थरूप सौ. अक्कासाहेब यांच्या पायांवर धाकट्या पिलाजीचे डोके. तुमची आणि भावोजींची प्रकृती कशी आहे? इंदुरातली थंडी आता सरली असेल. आमच्याकडे सर्व क्षेम. (कौशल्या सध्या माझ्याशी बोलत नाही, पण तेही एका परीने क्षेमच म्हणायचे.)

आपल्या कुसुमावतीचे लग्न ठरले. स्थळ तुमच्या इंदूरचेच. पण कसे ठरले ते सांगितल्याशिवाय माझ्या जिवाला स्वस्थता नाही. मुलाचे वडील प्रतापसिंहराव मुलगी पाहायला येणार असे कळले, आणि त्याबरोबर हेही कळले की गृहस्थ विलायत करून आलेले आहेत, जेवणानंतर सिगार ओढतात आणि ज्याला सिगार धरता येत नाही त्याला अडाणी समजतात. (सांगणारा आमच्या कचेरीतला रमाकांत. त्याच्या बोलण्यातले निम्मे सोडून द्यावे, पण कोणते निम्मे ते कळत नाही.) मुलगा गुणी, घर चांगले, पोरीला पुढे शिकवायला तयार. अशी सोयरीक माझ्यापायी मोडली तर कुसुमला तोंड कसे दाखवू? आजोबांनी तलवार धरली, वडिलांनी भाला धरला, मला निदान सिगार तरी धरता यावी.

म्हणून लहरीपुऱ्याच्या बाजारात गेलो. दुकानदाराने मला जोड्यापासून पागोट्यापर्यंत न्याहाळले आणि विचारले, "पहेली वार छे, साहेब?" मी म्हटले, छे, रोजची आहे. (खोटे बोलताना माणसाचा आवाज उगाच मोठा होतो.) त्याने ते खरे मानले आणि सगळ्यांत काळी, सगळ्यांत जहाल पेटी काढून दिली. टोक कापायची नाजूक कात्री आणि राख झाडायची पितळी बशीही दाखवली. मी म्हटले, हे सारे घरी आहे. कात्री म्हणजे आपला अडकित्ता, आणि बशी म्हणजे कौशल्येचे हळदीकुंकवाचे तबक. ती का बोलत नाही हे आता तुमच्या ध्यानात आले असेल.

आपल्या घरात पान म्हटले की ते ओल्या फडक्यात. तंबाखूचेही पानच, तेव्हा सिगारी विड्याच्या पानांशेजारी ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवल्या. सकाळी पाहतो तर फुगून काकड्यांसारख्या झालेल्या. गच्चीवर वाळत घातल्या, तर त्या तडकल्या आणि शेजारच्या पापडांना त्यांचा वास लागला. (ते पापड आमच्या शेजारच्या संपतरावांनी फार आवडीने नेले. ते तपकीर ओढतात.)

त्यातली एक बरी बघून पेटवली. टोक कापायचे ते मी पुढचे कापले. मागचे बंद असते आणि तेच कापावे लागते हे मला कोण सांगणार? मी ओढतो आहे, ओढतो आहे, कानांत दडे बसले, सिगार आपली मख्ख. शेवटी कुसुमने पेटीतला इंग्रजी कागद वाचून काढला (सरकारांनी मुलींच्या शाळा काढल्या त्या अशाही कामी येतात), अडकित्त्याने मागचे टोक उडवले आणि म्हणाली, "आबा, धूर गिळायचा नाही हं, नुसता तोंडात घोळवायचा." पण आबांनी तोवर आजोबांच्या गुडगुडीसारखा पोटभर दम मारला होता. पुढचे वर्णन थोरल्या बहिणीला लिहिण्याजोगे नाही. पोरीने माझे कपाळ धरले, लिंबूपाणी पाजले आणि मग मनसोक्त हसून घेतले. लहानपणी तिला ताप आला की मी तिचे कपाळ असेच धरून बसायचो. ही गेल्यावर माझे कोण धरणार, असे मनात येऊन मला भडभडून आले. सिगारीमुळे असेल.

पाहुणे आले, मुलगाही बरोबर. जेवणे झाली. प्रतापसिंहरावांनी आपल्या चांदीच्या डबीतून कापून तयार सिगारी काढल्या, एक मला दिली. आता बघा अक्का, आपण मुलीकडचे. वरबापाच्या आधी आपण कशी पेटवायची? मी काडी ओढून त्यांच्यापुढे धरली. त्यांची रीत विलायती. यजमानाने पेटवल्यावाचून पाहुण्याने पेटवायची नाही. त्यांनी काडी ओढून माझ्यापुढे धरली. मग पुन्हा मी, पुन्हा ते. बोटे भाजली, काड्यांची पेटी संपत आली, दोघेही हसतमुख आणि दोघांच्याही सिगारी कोऱ्या. आधी पेटवावी तर उद्धट, न पेटवावी तर अडाणी.

तेवढ्यात कुसुम विड्यांचे तबक घेऊन आली. तबक ठेवायचे, मान वर करायची नाही, असे कौशल्येने तिला दहादा बजावले होते. तिने तबक ठेवले, मान वर केली, आमच्या हातांतल्या दोन्ही सिगारी काढून घेतल्या आणि दोघांच्या हातांवर एकेक विडा ठेवला. "आबांना सोसत नाही," म्हणाली, "आणि काकासाहेब, तुम्हीही मघापासून खोकताय."

मला वाटले, संपले सारे. प्रतापसिंहरावांनी विडा तोंडात घातला, चांदीची डबी मिटून खिशात ठेवली. मग हळूच म्हणाले, "मुलाची आई गेल्यापासून माझ्या हातातून सिगार काढून घेणारं कोणी उरलं नव्हतं." आणि डोळे पुसून त्यांनी मुलाकडे पाहिले. मुलगा केव्हाच पसंत करून बसला होता. कुसुमला विचारले, तर ती लाजून आत पळाली. वैशाखातला मुहूर्त धरला आहे. सगळे आनंदात आहेत. मीही आहे. बाकीच्या सोयऱ्यांना अजून कळवायचे आहे, म्हणून इथेच हात आवरतो.

तुमचा धाकटा,
पिलाजी

ता. क. उरलेल्या सिगारी संपतरावांना देऊन टाकल्या. तबक मी स्वतः चिंचेने घासले, तरी कौशल्या हुंगून पाहते.

आणखी एक. खरे काम लिहायचे राहिलेच. प्रतापसिंहरावांचे घर तुमच्यापासून फार लांब नाही. सहज गेल्यासारखे जा आणि म्हणा की वैशाखात बडोद्यात ऊन फार, पाण्याचेही हाल, तेव्हा लग्न मार्गशीर्षात करावे. (आजव्याच्या तलावाचे पाणी आमच्या नळाला बारमाही येते, हे बोलू नका.) माझे नाव घेऊ नका. मुलीच्या बापाने लग्न लांबवा म्हणणे शोभत नाही. पण अक्का, या घरात हसणारी ती एकटीच आहे हो. एवढे करा.

आत्यासाहेबांना कुसुमचा शिरसाष्टांग नमस्कार. आबांनी पत्र पाकिटात घालायला माझ्याकडे दिले. वाचू नये, पण वाचले. मार्गशीर्षही लवकर होतो, माघ म्हणा. आबांना कळू देऊ नका.