उजव्या खांद्यावरची वेणी

गडमुडशिंगी,
२ ऑगस्ट २०२५

चि. सौ. संयोगिता हीस,
दादाचे अनेक आशीर्वाद.

फोन असताना पत्र कशाला, म्हणशील. आईला कमी ऐकू येतं म्हणून तुझा फोन स्पीकरवर ठेवावा लागतो आणि तिला आपण नुसती गाठ काढली एवढंच सांगितलंय. म्हणून लिहून विचारतो. तुझी केमो खरोखर चालू आहे का?

मी मोटरी वाइंडिंग करणारा माणूस. शाळा नववीत सुटली, पण जे शिकलो ते वाचून आणि उघडून बघून शिकलो. तुझ्या औषधाचंही सगळं वाचलं. पहिल्या डोसनंतर दोन-तीन आठवड्यांत केस जातात. तुझे दोन डोस झाले म्हणतेस आणि काल व्हिडिओवर वेणी मनगटाएवढी जाड! आई खूश झाली. मी झालो नाही. दवाखान्यात जाऊन विचारलं, तर खिडकीतल्या बाई म्हणाल्या, पेशंटचं आम्ही बाहेर सांगत नाही.

खरं काय ते कळव. माया आहे म्हणून रोखठोक लिहिलं.
कृष्णातदादा


कुरुंदवाड,
८ ऑगस्ट

ती. स्व. दादास,
संयोगिताचा शि. सा. न. वि. वि.

माझ्या लग्नात मांडवाची प्रत्येक गाठ ओढून बघणारा तूच ना? इकडची माणसं अजून हसतात. डोस चुकलेला नाही. तोंडाला चव नाही, पायांत गोळे येतात, ताकभात तेवढा जातो. नदीला पाणी चढलंय, पण काळजीसारखं नाही. आईला म्हणावं, लेक खाऊन-पिऊन बरी आहे. आणि तू वाचन जरा कमी कर की.

तुझ्यावर रुसत नाही, यातच काय ते ओळख.
तुझी संयोगिता


गडमुडशिंगी,
१४ ऑगस्ट

चि. सौ. संयोगिता हीस आशीर्वाद.

तुझ्या पत्रात केसांबद्दल एक अक्षर नाही. उलटसुलट करून बघितलं.

काल फोनवर नीट न्याहाळलं. पदर कपाळापर्यंत ओढलेला. आमच्याशी बोलताना कधी पदर घेतला होतास? वेणी पुन्हा उजव्या खांद्यावरून पुढं, मागच्या वेळी होती तशीच्या तशी. कपाळ का झाकतेस? मी सांगतो. पदराखाली अंगारा आहे. तुझ्या सासूबाई धोंडुबाईंनी सुया बंद करून तुला कुठल्या तरी मुळीवाल्याकडं नेलंय. ऑपरेशनच्या वेळीच त्या म्हणाल्या होत्या, सुया टोचून कुठं माणूस बरं होतंय व्हय. परवा फोन त्यांनी उचलला. डोसचं विचारलं, तर म्हणे पावणं, च्या झाला का, पाऊस हाय का तिकडं. दाजी तर तोंडच उघडत नाहीत.

दुखणं परत उलटलं तर मुळ्या उगाळून जाणार नाही. आई झोपल्यावर फोन कर आणि पदर खाली घेऊन दाखव. नाही दाखवलास तर येऊन उचलून आणीन. मग सोयरीक राहो न राहो.

कृष्णात


कुरुंदवाड,
२० ऑगस्ट

ती. स्व. दादास, शि. सा. न.

तुझं पत्र आत्तींनी, म्हणजे तुझ्या धोंडुबाईंनी, माझ्याकडून मोठ्यानं वाचून घेतलं. मुळीवाल्याचं आलं तेव्हा हसल्या. सोयरिकीचं आलं तेव्हा उठून चुलीकडं गेल्या.

दादा, पदराखाली अंगारा नाही, काहीच नाही. दुसऱ्या डोसच्या आधीच केस फणीला यायला लागले, उशीवर, भाकरीच्या पिठात सुद्धा. मी म्हटलं, आता मी दवाखान्यात जाणार नाही. अशी बोडकी होऊन एस.टी.त बसण्यापेक्षा जे व्हायचं ते होऊ दे. तुझे दाजी समजावून दमले. आत्तींनी पाठीत एक रट्टा घातला आणि म्हणाल्या, केसासाठनं जीव घालवतीस व्हय? मग उरलेली वेणी बुडापासून कापून घेतली. जुन्या चोळीच्या अस्तराची टोपी केली आणि वाकळ शिवायच्या दोऱ्यानं तिला माझ्याच केसांचं गंगावन शिवलं. ते घालून मी गेले. तिसऱ्या डोसलाही गेले. मान हलवली की ते सरकतं, म्हणून वेणी पुढं घेऊन धरून बसते. मागच्या खेपेला एस.टी.त वाऱ्यानं एका बाजूला झालं. दोन पोरी बघत होत्या. उतरून परत फिरावं असं वाटलं. दोन सप्टेंबरला चौथा आहे. जाईन असं म्हणते, पण धीर होत नाही.

तुला का नाही सांगितलं? तू फोनभर माझ्या डोक्याकडं बघत बसला असतास, आणि आईनं तुझ्या तोंडावरून ओळखलं असतं.

धाकटीवर चिडू नकोस.
संयोगिता


गडमुडशिंगी,
२५ ऑगस्ट

चि. सौ. संयोगिता हीस,
आशीर्वाद. धोंडुबाईंना माझा शिरसाष्टांग. त्यांची माफी कागदावर मागणार नाही, समोर उभा राहून मागीन. त्यांना म्हणावं, टोपीच्या कडेला आतून इलॅस्टिक घाला, सरकायचं थांबेल. पाठवतोय, रुंदी बघूनच घेतलंय.

पत्रात काय आहे, आईनं विचारलं. संयोगिताच्या केसांना तेल कुठलं लावतात ते लिहिलंय, म्हणालो. तोंड मोटरीकडं करून म्हणालो.

दोन तारखेला पहाटे व्हॅन घेऊन येतो. मोटरी उतरवून सीट धुऊन ठेवली आहे. मागं तुम्ही दोघी बसा. उकडलं तर पदर, टोपी सगळं काढून खुशाल बस. आरशात मी मागची वाहनं तेवढी बघीन.

दादा